मूल्य : निरंक

पंचनाम्याच्या छापील नमुन्यात शेवटून दुसरा रकाना ‘अंदाजे मूल्य’ असा असतो. नोकरीच्या काळात मी स्वतः लिहिलेले आणि तपासून सही केलेले पंचनामे काही हजार तरी असतील. त्यांपैकी बहुतेकांतील आकडे मी विसरलो आहे. पण एका ओळीतला मजकूर मला शब्दशः आठवतो, कारण तो माझ्याच हातचा आहे : ‘जुने लाकडी-पितळी यंत्र, पेटीसह, नग १. मूल्य निरंक.’

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छमध्ये भूकंप झाला. सुमारे १३,८०० माणसे गेली. भूज, अंजार, भचाऊ आणि रापर या गावांची नावे त्यानंतर देशभर माहीत झाली. राज्यभरातून अधिकारी तिकडे पाठविण्यात आले, त्यांत मीही होतो. माझ्या वाट्याला किनाऱ्यालगतचा पट्टा आला. तिथे मनुष्यहानी भूज-भचाऊच्या मानाने कमी होती, पण दगड-मातीच्या जुन्या भिंतींची घरे शेकड्यांनी पडली होती. काम असे की घरोघर जाऊन नुकसानीची वर्गवारी करायची, कुटुंबाचे जबाब घ्यायचे आणि दिवसाला ठरलेली संख्या पूर्ण करायची. ठरलेल्या संख्येचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. संकटकाळात वेग ही दयाच असते, हे मला मान्य आहे. पण त्या वेगात काय काय हातून निसटते ते नंतर कळते.

एका बंदरगावात खारवा समाजाच्या वस्तीत एक वृद्ध गृहस्थ पडक्या ओट्यावर बसले होते. वय ऐंशीच्या पुढे. गावात सगळे त्यांना मालमबापा म्हणत. ‘मालम’ म्हणजे जहाजाची दिशा आणि स्थान ठरविणारा, मार्ग जाणणारा माणूस. मूळ अरबी शब्द ‘मुअल्लिम’, म्हणजे शिक्षक. आपल्या कोकणात तांडेल आणि सारंग हे शब्द रुळले. कच्छ-काठियावाडात त्यांच्या जोडीला मालम हा स्वतंत्र हुद्दा टिकून राहिला. नाखुदा हा जहाजाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधी, मालाचा आणि माणसांचा प्रमुख. पण जहाज कुठे आहे हे सांगायचे काम मालमचे.

बापांच्या मांडीवर एक पेटी होती, वर निमुळती आणि खाली रुंद, साधारण पाचराच्या आकाराची. दोन दिवस ढिगारा उपसून नातवाने ती काढली होती. बापांनी ती उघडली आणि म्हणाले, “साहेब, घर लिहिलेत, भांडी लिहिलीत. आता हेही लिहा.”

आत होता एक ऑक्टंट. काळ्याभोर लाकडाची त्रिकोणी चौकट, तिच्या शेंड्यापासून खालच्या कमानीपर्यंत फिरणारी पितळी पट्टी, दोन छोटे आरसे, लाल आणि हिरव्या रंगाच्या काचा, आणि कमानीत बसविलेली पिवळसर पांढरी मोजपट्टी. तिच्यावर केसाएवढ्या बारीक रेघा आणि आकडे. आडव्या दांडीवर तशाच पांढऱ्या पदार्थाची एक लहान पाटी होती. तिच्यावरील नाव घासून गेले होते. बापांचे म्हणणे असे की हे यंत्र त्यांच्या पणजोबांनी झांझिबारच्या बाजारात एका गोऱ्या खलाशाकडून घेतले आणि चार पिढ्या ते जहाजावर चालले.

या यंत्राविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही. जॉन हॅडली या इंग्रज गृहस्थाने १७३१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याची रचना मांडली. त्याच सुमारास अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे थॉमस गॉडफ्रे या काचकारागिरानेही स्वतंत्रपणे तीच युक्ती शोधली होती. कमान वर्तुळाच्या एक अष्टमांशाची, म्हणजे ४५ अंशांची. पण प्रकाश दोन आरशांवरून दोनदा परावर्तित होत असल्यामुळे तिच्यावर ९० अंशांपर्यंतचा कोन मोजता येतो. पुढे १७५७ च्या सुमारास कमान ६० अंशांची करून सेक्स्टंट तयार झाला. हॅडलीच्या युक्तीची खरी खुबी अशी की सूर्याची प्रतिमा आरशातून खाली आणून क्षितिजाच्या रेषेवर टेकवायची. मग जहाज कितीही डोलले तरी दोन्ही प्रतिमा बरोबरच डोलतात आणि कोन बिघडत नाही. डोलणाऱ्या फळीवर उभे राहून आकाश मोजायचे म्हणजे काय, ते ज्याने होडीतून साधा फोटो काढायचा प्रयत्न केला असेल त्याला समजेल.

आपल्याकडचे खलाशी हे यंत्र येण्याआधी आंधळे होते असे मात्र कोणी समजू नये. लाकडाची चौकोनी फळी आणि तिच्या मध्यातून ओवलेली, गाठी मारलेली दोरी, एवढ्या साहित्यावर अरबी समुद्रातील खलाशी ध्रुवताऱ्याची उंची मोजत. अरब त्याला कमाल म्हणत, तमिळ किनाऱ्यावर तेच ‘इरापलगै’, म्हणजे रात्रीची फळी. मोजमापाचे एकक बोट. एक बोट म्हणजे सुमारे १ अंश ३६ कला. ब्राह्मी लिपी वाचणारे जेम्स प्रिन्सेप टाकसाळीत नोकरी करीत असतानाच कलकत्त्याच्या बंदरात आलेल्या खलाशांकडून ही यंत्रे समजावून घेत होते आणि १८३६ साली त्यांनी त्यांवर टिपण प्रसिद्ध केले. सरकारी नोकराला कामाबाहेरचे कुतूहल असणे ही काही अलीकडची चैन नव्हे. आपल्या काळात मुंबई विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनी भारतीय खलाशांच्या या ज्ञानाचा आयुष्यभर मागोवा घेतला. त्यांचा त्या विषयावरील इंग्रजी ग्रंथ २००२ साली मुंबईच्या मेरीटाइम हिस्टरी सोसायटीने प्रकाशित केला. कच्छी मालमांच्या पोथ्यांचे महत्त्व मला त्यांच्या लेखनामुळे कळले, पण ते पुष्कळ उशिरा.

त्या दिवशी बापांनी मला उभ्या उभ्या धडा दिला. ऐन दुपारच्या थोडे आधीपासून सूर्य मोजत राहायचे. तो चढत जातो, मग घटकाभर थबकल्यासारखा होतो, मग उतरू लागतो. सर्वांत मोठा आकडा धरायचा, तो नव्वदातून वजा करायचा, आणि त्या तिथीला सूर्य विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो आकडा पोथीतून काढून त्यात मिळवायचा किंवा वजा करायचा. उरले ते आपले अक्षांश. “रात्री ध्रुव आहेच की,” मी म्हणालो. शाळेत शिकलेले तेवढेच मला आठवत होते. बापा हसले. म्हणाले, “झांझिबारला जाताना ध्रुव बुडतो, साहेब. मग काय करणार?” खरेच आहे. मांडवी २२ अंश ५० कला उत्तरेस, झांझिबार सहा अंश दक्षिणेस. विषुववृत्त ओलांडले की ध्रुवतारा क्षितिजाखाली जातो आणि उत्तरेच्या माणसाचा जुना आधार संपतो. उरतो तो सूर्य, आणि हाताशी असलेली ती पांढरी पट्टी.

त्या पट्टीवरील एक कला म्हणजे समुद्रावर एक सागरी मैल. मला त्या वाक्याचे वजन तेव्हा कळले नाही. मागे पंचवीस घरे बाकी होती. सोबतच्या तलाट्याने विचारले, “साहेब, कोणत्या सदरात घ्यायचे?” अवजारांच्या मदतीचे एक सदर होते, पण त्यासाठी वस्तू चालू धंद्यातील हवी आणि तुटलेली हवी. बापा तर वीस-पंचवीस वर्षे समुद्रावर गेले नव्हते आणि यंत्र चक्क शाबूत होते. दागिन्यांत ते बसेना, गृहोपयोगी वस्तूंत बसेना. मी ‘इतर’ मध्ये ओळ लिहिली आणि मूल्याच्या रकान्यात निरंक लिहिले. कागदाच्या दृष्टीने ते अचूक होते. नुकसान झालेच नव्हते, तर नुकसानीचे मूल्य शून्यच. बापांनी मात्र नातवाकडून ती ओळ वाचून घेतली. ते काहीच बोलले नाहीत. पेटी मिटली आणि मला चहा दिला.

इथवरची गोष्ट माझ्या अल्पबुद्धीची आहे. पुढची गोष्ट कायद्याची आहे, आणि तिच्यात माझा वाटा अधिक आहे.

२००५ साली नातवाचे पत्र आले. बापा वारले होते. पेटी त्याच्याकडे आली होती. दोन गोष्टींनी तो गोंधळला होता. एक, कोणी व्यापारी येऊन यंत्राला बरी किंमत देऊ करून गेला होता. दुसरी, त्याच व्यापाऱ्याने जाता जाता सांगितले होते की पट्टी हस्तिदंती आहे, आणि घरात हस्तिदंत ठेवणे हा गुन्हा आहे, तेव्हा लवकर विकलेले बरे. नातवाला विकायचे नव्हते. त्याचा प्रश्न एवढाच होता : हे घरात ठेवले तर चालेल का?

मी सवयीप्रमाणे कायद्याची पुस्तके काढली. पहिला कायदा पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२, जो ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. त्याच्या व्याख्येत, गतकालातील विज्ञान, कला, हस्तकला, धर्म, रीतिरिवाज यांची साक्ष देणारी आणि किमान शंभर वर्षे जुनी कोणतीही वस्तू पुरावस्तू ठरते. हस्तलिखिताला पंच्याहत्तर वर्षे पुरतात. म्हणजे ऑक्टंट ही निश्चित पुरावस्तू. ती देशाबाहेर पाठविता येणार नाही, तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागेल. मग तिची नोंदणी? येथे गंमत आहे. सक्तीची नोंदणी सर्व पुरावस्तूंची नसते. केंद्र शासन अधिसूचनेने ठरवील त्या प्रकारांचीच असते. त्या प्रकारांत दगड, धातू, हस्तिदंत इत्यादींची शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते, कोरीव लाकूडकाम आहे. विज्ञानाची उपकरणे नाहीत. मूर्ती घरात असेल तर तिचा फोटो, वर्णन, मालकाचे नाव शासनदरबारी राहते. ज्या उपकरणाने समुद्र ओलांडला त्याचे काहीच राहत नाही. व्याख्येत विज्ञान हा शब्द पहिल्यांदा येतो आणि नोंदणीत तो शेवटालाही येत नाही. आपला वारसा म्हणजे देवळे आणि देव, ही आपली समजूत त्या अधिसूचनेत उतरली आहे, असे मला वाटते.

दुसरा कायदा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, तोही १९७२ चाच. दोन्ही कायदे एकाच वर्षी झाले आणि त्यांनी आजवर एकमेकांची तोंडे पाहिली नसावीत. भारतीय हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ मध्ये आणि आयात केलेल्या हस्तिदंताच्याही व्यापारावर १९९१ मध्ये बंदी आली. ती योग्यच होती आणि आहे. हत्तीच्या सुळ्याला बाजारभाव राहिला की हत्ती राहत नाही. पण २००२ च्या दुरुस्तीने बाळगण्याचाही प्रश्न आला. ज्यांच्याकडे प्रमाणपत्राशिवाय प्राणिजन्य वस्तू आहेत त्यांना त्या जाहीर करण्यासाठी १८ एप्रिल २००३ च्या नियमांनी १८० दिवसांची मुदत दिली. वाघाचे कातडे असलेल्या संस्थानिकांना आणि काळविटाची शिंगे भिंतीवर लावणाऱ्या शिकाऱ्यांना ती मुदत वकिलामार्फत कळली. पेटीतल्या यंत्राची पट्टी कशाची आहे हा विचार बापांच्या घरी कोणाला सुचणार? आणि वारसाहक्काने वस्तू मिळाली तर वारसाने नव्वद दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणापत्र द्यायचे. नातवाचे पत्र मला मिळाले तेव्हा त्या नव्वदांपैकी बहुतेक दिवस संपले होते.

मी उत्तर लिहिले. दीड पानाचे, कलमांच्या क्रमांकांसह. आज त्याची प्रत माझ्याजवळ नाही, पण ते कसे असेल ते मी सांगू शकतो, कारण आम्ही सगळे तसेच लिहितो. प्रत्येक विधान बरोबर, प्रत्येक विधानाला पळवाट, शेवटी ‘तरी सक्षम प्राधिकाऱ्याशी संपर्क साधावा’. शिक्षेच्या कलमाचाही त्यात उल्लेख होता. माहिती पूर्ण असावी म्हणून मी तो केला होता. त्या घरात ते पत्र कोणी कसे वाचले असेल याचा विचार मी केला नाही.

नातू सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेला. एका कार्यालयात त्याला सांगितले की वस्तू येथे जमा करा, तज्ज्ञ पाहून ठरवतील, परत मिळेलच असे नाही. दुसऱ्या कार्यालयात सांगितले की हा विषय आमच्याकडे नाही, कारण ही मूर्ती नव्हे. कोणीही त्याच्याशी उर्मटपणे वागले नाही, हे त्यानेच मला नंतर आवर्जून सांगितले. कामात कसूर अशीही कोणाची नव्हती. प्रत्येकाने आपल्या रकान्यापुरते पाहिले, जसे मी २००१ मध्ये पाहिले होते.

२००७ च्या हिवाळ्यात एका कामानिमित्त मी त्या किनाऱ्यावर गेलो आणि त्यांच्या घरी डोकावलो. घर नवे, सिमेंटचे, भूकंपरोधक. नातवाने पेटी आणली. चौकट होती, पितळी पट्टी होती, आरसे होते. कमानीच्या खाचेत नुसते लाकूड होते. घोषणापत्राची मुदत संपल्यावर एका रात्री त्याने चाकूच्या टोकाने ती पांढरी पट्टी उचकटली, तिचे तुकडे केले आणि पहाटे खाडीत टाकून दिले. आजीने सांगितले म्हणे, पोलिसाच्या हाती देण्यापेक्षा दर्याला दे. पितळी पट्टी अजून सुळकन फिरत होती. सूर्य अजून क्षितिजावर टेकविता आला असता. फक्त तो किती अंशांवर आहे हे आता कोणालाही वाचता येणार नव्हते.

आडव्या दांडीवरची छोटी पाटी मात्र राहून गेली होती. ती काढण्याचे त्याच्या लक्षात आले नव्हते. संग्रहालयात काम केलेले माझे एक स्नेही त्या वेळी सोबत होते. त्यांनी खिशातून भिंग काढून ती बराच वेळ पाहिली. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडाच्या पृष्ठभागावर बारीक काळसर ठिपके आणि तुटक रेघा दिसतात, कारण जिवंतपणी तेथून रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. पाटीवर ठिपके होते. पाटी हाडाची होती. स्वस्त ऑक्टंटांना मोजपट्ट्याही पुष्कळदा हाडाच्याच बसवीत, असे ते म्हणाले. पण पाटी हाडाची म्हणून पट्टीही हाडाची असेलच असे नाही, हेही त्यांनी जोडले. तपासायला पट्टी नव्हती. नातू आमच्या दोघांकडे पाहत होता. त्याला काय सांगावे ते मला सुचले नाही, आणि जे झाले त्यात त्याची चूक नाही एवढेच मी म्हणालो. ते त्याला पुरेसे वाटले असेल असे मला वाटत नाही.

या अनुभवानंतर मी जे बोलू लागलो ते माझ्या काही सहकाऱ्यांना भाबडे वाटते. पूर्वजांच्या वस्तूंच्या बाबतीत शासनाची पहिली भेट नोंदीसाठी झाली पाहिजे, जप्तीसाठी किंवा मनाईसाठी नव्हे, असे माझे म्हणणे आहे. आपली परंपरा उलटी आहे. इंग्रजांनी १८७८ साली निखात निधीचा कायदा केला, त्यात दहा रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरला कळवायचे. तेव्हापासून आपल्या लोकांच्या मनात पक्के बसले आहे की जुनी वस्तू आणि सरकार यांची गाठ पडली की वस्तू जाते. शेतात मूर्ती सापडली की रातोरात देऊळ उभे राहते ते केवळ भक्तीमुळे नव्हे. कलेक्टरपेक्षा देवाचा ताबा बरा, असा तो हिशेब असतो. खुद्द इंग्लंडात मात्र १९९७ पासून अशी योजना चालू आहे की कोणाला शेतात जुनी वस्तू सापडली तर ती नेऊन दाखवायची, अधिकारी तिची माहिती टिपून घेतात आणि, मौल्यवान निधीच्या व्याख्येत बसणाऱ्या थोड्या वस्तू सोडल्या तर, ती सापडणाऱ्याच्याच हाती परत देतात. लोक आपणहून येतात, कारण वस्तू परत मिळते हे त्यांना ठाऊक असते.

आपल्याकडे २००७ साली स्मारके आणि पुरावस्तूंसाठी राष्ट्रीय मिशन स्थापन झाले. संसदीय स्थायी समितीच्या २०२३ मधील अहवालात देशातील पुरावस्तूंची संख्या सुमारे ५८ लाख अंदाजिली असून त्यांपैकी सुमारे १६.८ लाख वस्तूंचीच माहिती संकलित झाल्याचे म्हटले आहे. घरोघरच्या पेट्यांत, माळ्यांवर असलेल्या गोष्टी त्या ५८ लाखांत कितपत धरल्या असतील याची मला शंका आहे. हे काम दिल्लीहून होणारे नाही. ते तलाटी करू शकतो. एक पानाचा नमुना, मोबाइलने काढलेले चार फोटो, लांबी-रुंदी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वस्तू सांभाळणारा माणूस तिच्याविषयी काय सांगतो ते त्याच्याच शब्दांत. एक प्रत त्याच्या घरी राहील. वस्तू घरातून हलणार नाही हे नमुन्याच्या पहिल्या ओळीत लिहिलेले असेल. चोरी झाली तर तो कागद पोलिसांना दाखविता येईल. आज चोरी झाली तर ती वस्तू मुळात होती हेच सिद्ध करणे कठीण.

हस्तिदंताच्या बाबतीत मला बंदीत तसूभरही सूट नको आहे, हे पुन्हा सांगतो. विक्री बंदच राहावी. पण शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या उपकरणात जडविलेल्या बोटभर पट्टीसाठी वारसाला आरोपीच्या जागी उभे करून एकही हत्ती वाचत नाही. ब्रिटनने २०१८ साली हस्तिदंताचा कडक कायदा केला, तो २०२२ मध्ये अंमलात आला. त्यात १९४७ पूर्वीच्या आणि आकारमानाने दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना नोंदणी करून सूट दिली आहे, अगदी विक्रीचीसुद्धा. आपण विक्रीची सूट न देता केवळ बाळगण्यापुरती, मुदतीचा फास न लावता, वर्षभर केव्हाही करता येणारी घोषणा ठेवली तरी पुरे. आपल्या २०२२ च्या दुरुस्तीत प्रमाणपत्रधारकाला वस्तू विनामोबदला शासनाकडे समर्पित करण्याचा मार्ग दिला आहे. ज्याला ती नको आहे त्याची सोय झाली. ज्याला ती हवी आहे, पण ज्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही, त्याचे काय? आणि घोषणा आली तर ती तपासायला वनविभागाच्या माणसाजवळ एक साधे भिंग आणि ते वापरायचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण असावे, ही अपेक्षा फार मोठी नसावी.

एक आक्षेप मी नेहमी ऐकतो. ही वस्तू संग्रहालयातच जायला हवी होती, तेथे ती सुरक्षित राहिली असती. लोथलला राष्ट्रीय सागरी वारसा संकुल उभे राहत आहे आणि त्याचे मला अप्रूप आहे. पण काचेमागच्या ऑक्टंटाखाली ‘नौकानयनाचे उपकरण, एकोणिसावे शतक’ अशी पाटी असते. ‘झांझिबारला जाताना ध्रुव बुडतो’ हे त्या पाटीवर नसते. ते बापांना ठाऊक होते, आणि ते ऐकायला शासनाचा एक प्रतिनिधी हातात कोरा कागद घेऊन त्यांच्या ओट्यावर उभा होता. त्याच्या नमुन्यात तेवढी जागा नव्हती, आणि त्याने ती समासात करून घेतली नाही.

निघताना नातवाने मला आणखी एक गोष्ट दाखविली होती. लाल कापडात बांधलेली पोथी : सूर्याचे कोष्टक, ताऱ्यांच्या दिशा, बंदरांची खोली, समुद्रातून किनारा कसा दिसतो त्याची रेघोट्यांची चित्रे. २००३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हस्तलिखित मिशनच्या सर्वेक्षणाचा एक नमुना गावातल्या शिक्षकाने त्याला दिला होता. वस्तूसाठी नसला तरी पोथीसाठी निदान रकाना होता. पण त्यात अट होती, हस्तलिखित किमान पंच्याहत्तर वर्षांचे हवे. पोथीची पहिली चाळीस पाने बापांच्या आजोबांच्या हातची, जुन्या काळ्या शाईतली. पुढची बापांच्या स्वतःच्या हातची, निळ्या शाईत, १९४० नंतरची. त्यांत बसऱ्याहून खजूर आणि मलबारहून लाकूड आणण्याच्या सफरी होत्या.

“साहेब, अर्धीच पोथी नियमात बसते,” तो म्हणाला. “पृष्ठसंख्या किती लिहू?”

मी त्याच्या हातून नमुना घेतला, ओट्यावर बसलो आणि पाने मोजायला लागलो. सगळी.